मला रिव्हर्स येत नाही हो

समोरून गाडी आली की काकू आधी इंजीन बंद करत. मग चष्मा सारखा करून, पदर खोचून खाली उतरत. समोरच्या गाडीपर्यंत चालत जात, काचेवर टकटक करत आणि म्हणत, "मला रिव्हर्स येत नाही हो. तुम्ही घेता का जरा मागे?" समोरचा उत्तर शोधत असतानाच दुसरा प्रश्न यायचा. "जेवून निघालात का?"

आणि समोरचा गाडी मागे घ्यायचा. दरवेळी.

तुम्ही कधी मांडव्याला उतरून अलिबागकडे गेला असाल तर आमच्या आळीचा रस्ता पाहिला असेल. मोठ्या रस्त्यावर गर्दी झाली की तुमचा फोन तुम्हाला इकडेच वळवतो. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, आत नारळी-सुपारी, आणि मधे जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. दोन गाड्या समोरासमोर आल्या की जो कुठल्याही घराच्या फाटकाच्या जवळ असेल त्याने मागे जायचं, फाटकात शिरायचं आणि दुसऱ्याला जाऊ द्यायचं. हा आमच्याकडचा रिवाज. शनिवार-रविवारी येणाऱ्यांना तो ठाऊक नसतो. ते आधी हॉर्न वाजवतात, मग दिवे मारतात, मग काच खाली करून आपल्याला आपल्याच दारात गाडी शिकवतात. पांढऱ्या कांद्याची माळ दिसली की भर वळणावर थांबतात आणि आपण मागे खोळंबलो असताना आरामात भाव करतात. रिकाम्या बाटल्या कुणाच्या वाडीत पडतात ते वेगळं सांगायला नको.

या लोकांपुढे माझं डोकं फिरतं. मी अलिबागला कचेरीत नोकरी करतो, रोज याच रस्त्याने जातो-येतो, आणि रिव्हर्समध्ये माझा हात धरणारा आमच्या गावात नाही. तरी, किंवा म्हणूनच, आयुष्यभर गाडी मागे मीच घेत आलो. एकदा एका काळ्या, रणगाड्याएवढ्या गाडीसमोर मी हटून बसलो. फाटक त्याच्या पाठीशी होतं, नियमाने मागे त्याने जायला हवं होतं. आतून विशीतला एक जण उतरला आणि म्हणाला, "अंकल, चलाना नहीं आता तो निकालते क्यों हो?" त्याच्या मागे आणखी तीन गाड्या लागल्या. शेवटी मीच मागे गेलो. रागाच्या भरात माझा आरसा गडग्याला घासला.

संध्याकाळी तीच काळी गाडी परत आली आणि तिच्यासमोर काकू आल्या. मी ओट्यावरून बघत होतो. आता गंमत येणार म्हणून मी चहाचा कपही खाली ठेवला. काकू उतरल्या, टकटक झाली, दोन वाक्यं झाली. तो पोरगा हसला, "सॉरी आंटी" म्हणाला आणि पार वळणापर्यंत मागे गेला. वर हात जोडले मेल्याने!

माझा चहा गार झाला. जिला गाडी मागे घेता येत नाही तिला लायसन्स कुणी दिलं, असं मी घरात येऊन मोठ्याने विचारलं. आई म्हणाली, "तुला कशाला रं त्रास?"

काकू आमच्या शेजारच्या वाडीतल्या. पोस्टातून निवृत्त झालेल्या. काका गेले, मुलगी नाशिकला, घरात एकट्या. साठी उलटल्यावर गाडी शिकल्या आणि एक जुनी पांढरी गाडी घेतली. त्या ती बैलगाडीच्या चालीने चालवत आणि मोठ्या रस्त्यावर मागून कुणी ओरडत आला की हात वर करून त्याला पुढे घालत. "जाऊ दे बाबा, पाहुणा आहे."

इथपर्यंत मी सहन केलं असतं. पण आईचा खांदा धरला. हात वर होईना. दर गुरुवारी तिला अलिबागला व्यायामासाठी न्यावं लागे आणि अर्थातच मी नेत होतो. तीन-चार गुरुवार गेले असतील. एका सकाळी मी गाडी पुसून तयार ठेवली, तर आई नेसून काकूंच्या फाटकाकडे निघालेली.

"आई, मी आहे ना!"

"तू जा कामाला. मी वहिनीसंगं जाते."

त्यानंतर ती माझ्या गाडीत बसलीच नाही. मी रजा टाकली, गाडीला गाद्या बसवल्या, तिच्या आवडीची भजनं लावली. आई म्हणायची, "पुढच्या येळी." आणि दर गुरुवारी त्या दोघी हसत परत यायच्या. जाताना भेटणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करायचा असा काकूंनी तिला नेम घालून दिला होता. पावसाळा संपेपर्यंत आईचा हात डोक्याच्या वर जाऊ लागला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या दुप्पट पोटात दुखलं. माझी आई, आणि तिचा खांदा बरा करणार कोण, तर जिला रिव्हर्स येत नाही ती!

मग एक दिवस मी काकूंना पकडलं. दिवेलागणीची वेळ होती, मी पायी घरी येत होतो. काकूंचं फाटक अरुंद, दोन्हीकडे चिऱ्याचे खांब, आत लगेच जास्वंद. काकूंनी गाडी फाटकापुढे नेली, मान वळवली आणि एका हाताने, एका दमात गाडी मागे आत घातली. जास्वंदीचं पान हललं नाही. मलाही दोनदा पुढेमागे करावं लागलं असतं. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काकूंची गाडी अंगणात नेहमी रस्त्याकडे तोंड करूनच उभी असायची. इतकी वर्षं मी ते बघत होतो.

मी जवळजवळ धावतच घरी आलो. आई वाल सोलत होती.

"आई, तुझी ती वहिनी खोटारडी आहे. तिला रिव्हर्स येतं! माझ्यापेक्षा चांगलं येतं!"

"म्हाईत हाय मला," आई म्हणाली.

"मग लोकांना कशाला सांगते येत नाही म्हणून?"

"गाडी मागं घेतली की समोरचा निघून जातो. मग बोलायचं कुनाशी? घरात हाय कोन तिच्या?" आईने एक शेंग सोलली, मग दुसरी. "आनि तू तरी गाडीत माझ्याशी बोलतोस व्हय? बोलतोस ते भाईरच्यांशी. ते बी शिव्या देत."

त्या दोघींचं एक गुपित होतं आणि मी त्याच्या बाहेर होतो, एवढंच मला त्या रात्री सलत राहिलं.

यंदाच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. चार दिवस ताप आला, तेवढंच निमित्त. मुलगी आली, दिवस झाले, गाडी विकली, फाटकाला कुलूप लागलं. आईने महिनाभर अलिबागचं नाव काढलं नाही. खांदा पुन्हा धरू लागला तेव्हा एका गुरुवारी ती गुपचूप माझ्या गाडीत येऊन बसली.

आम्ही काकूंच्या फाटकाच्या अलीकडे होतो, तोच समोरून एक भली मोठी गाडी आली. हॉर्न, मग दिवे. फाटक त्याच्या पाठीशी होतं. माझं रक्त तापलं आणि मी काच खाली केली. पण आईने तिच्या बाजूची काच आधीच खाली केली होती. डोकं बाहेर काढून ती ओरडली, "आमच्या ह्याला रिव्हर्स येत न्हाय हो! तुमी घेता का जरा मागं?"

मी! मला रिव्हर्स येत नाही!

समोरचा माणूस हसला. गाडी मागे गेली आणि काकूंच्या बंद फाटकापुढच्या मोकळ्या जागेत शिरून उभी राहिली. माझ्यासाठी कुणी गाडी मागे घेतल्याची ही पहिलीच वेळ, आणि तीही काकूंच्या पुण्याईने. मी त्याच्या शेजारून पुढे निघालो तेवढ्यात आईने दुखरा हात, जाईल तेवढा, वर केला. मी ब्रेक दाबला. अनोळखी माणसाशी न भांडता काय बोलतात ते मला खरंच माहीत नव्हतं. एकच वाक्य ठाऊक होतं.

"जेवून निघालात का?" मी विचारलं.

आई हसली. माझ्याकडे बघून नाही, फाटकाकडे बघून.