व्हर्नेलबाईंनी बदललेले शब्द

अमेरिकेतल्या फेएटव्हिलच्या लष्करी छावणीतल्या दवाखान्यात व्हर्नेल बॅस्कम बावीस वर्षं एकच काम करत आहेत: डोक्याला धक्का बसलेल्या सैनिकांची स्मरणशक्ती तपासणं. त्यांचे वडील व्हिएतनामहून परत आले तेव्हा अंगावर ओरखडाही नव्हता. पुढे एका रविवारी ते चर्चमधून घरी यायचा रस्ता विसरले.

"तेव्हा याला नाव नव्हतं," बाई सांगतात. "शेजारी म्हणायचे, प्यायला असेल. बाबा कडक बाप्टिस्ट पंथाचे, दारूचा थेंब घेत नसत."

माझा मुलगा टेविस जवानांना स्फोटकं लावून दारं उडवायला शिकवतो. दिवसाला पाच-सहा धमाके, तेही काही पावलांवर. फेब्रुवारीत एक जरा जास्तच जवळ झाला. तेव्हापासून तो वाक्य अर्ध्यात सोडायचा, उजेडात डोळे मिटून घ्यायचा. बाईंच्या तपासणीत पास झाला की सोमवारी पुन्हा मैदानावर. आणि तो पास होणार हे मला ठाऊक होतं. तपासणीत दरवेळी विचारतात ते पाच शब्द त्याच्या तुकडीने केव्हाच पाठ केले होते.

गाडीत मी म्हटलं, "त्यांना खरं सांगून टाक."

"आई, तुझी शाळेतली कॉपी पकडायची नोकरी संपली. तिथे गप्प बस."

मुलगा रुसेल म्हणून मी गप्प बसले. चुकलंच माझं.

बाईंनी शब्द वाचले, "बटण, गवत, घंटा, लिंबू, शिडी." मग गप्पा सुरू केल्या. "सार्जंट, तुम्ही पेम्ब्रोककडचे ना? कोलार्डच्या पालेभाजीचं सँडविच खाणारे?"

"हो मॅडम. तुम्ही खाल्लं नसेल तर जन्म फुकट गेला."

"मक्याच्या भाकरीत, वर डुकराच्या चरबीचा कुरकुरीत तुकडा. मला शिकवताय होय?"

दोघं हसले. किती दिवसांनी तो असा बोलत होता. पाच मिनिटांनी बाई म्हणाल्या, "आता मघाचे शब्द सांगा."

टेविस ताठ बसला आणि एका दमात म्हणाला, "मेणबत्ती, साखर, पूल, घोंगडी, माकड."

बाई म्हणाल्या, "हे जुने शब्द. आज मी यातला एकही उच्चारला नाही. आज सकाळी आलेल्या तुमच्या तुकडीतल्या चौघांनीही हेच पाठ केले होते. पण मी नवे वाचायला लागले तशी त्यांची तोंडं पडली. एकाने तर विचारलं, मॅडम, यादी कधी बदलली? तुमच्या मात्र लक्षातच आलं नाही."

"परत वाचा."

त्यांनी वाचले.

"पहिल्यांदाच ऐकतोय," तो हळूच म्हणाला. मग म्हणाला, "माझ्या मागे बारा पोरं उभी असतात, मॅडम. सोमवारी दुसरा कुणीतरी शिकवू दे त्यांना."

बाईंनी कागदावर सहा आठवडे मैदान बंद असं लिहिलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. "झोप, डोकेदुखी, चिडचिड, सगळं रोज टिपून ठेवायचं. तो लपवेल. तुम्ही लपवायचं नाही."

मी टेविसकडे न बघता हो म्हटलं.