धारखोऱ्याचा पुसलेला पट्टा

किसनराव खंडारे रोजंदारीवरचे वनमजूर. पायवाटेवर चाळलेल्या मातीचा पट्टा पसरायचा, सकाळी त्यावर उमटलेले पंजे-खूर पाहायचे, वनरक्षकाच्या रजिस्टरात नोंद करून सही करायची, हे त्यांचं काम. गेले चौदा महिने ते पट्टा वाचत होते आणि लगेच पुसत होते. रजिस्टरात लिहीत होते, ‘काही नाही.’

पुसत होते ते एका वाघिणीचे पंजे. ती तिथे आहे हे कागदावर आलं, की तिचा घात होईल अशी त्यांची खात्री होती.

परतवाड्याच्या वर डोंगरात जे राष्ट्रीय उद्यान आहे, त्यात धारखोरा हा मोठा धबधबा. भोवतीचं जंगल सागाचं, मार्चमध्ये उघडं पडणारं. धबधब्याच्या घळीत मात्र आंबा, जांभूळ, नेचे, शेवाळ, आणि दुपारीही अंधार. वाघीण पावसाळ्यापासून माघापर्यंत या घळीत राहायची. पाणी आटलं की निघून जायची. कॅमेरे लावून होणारी मोजणी उन्हाळ्यात होते. त्यामुळे कॅमेऱ्यात ती कधी आली नाही.

किसनराव सत्तावन्न वर्षांचे. चांदूर बाजारजवळच्या खेड्यातून एकतिसाव्या वर्षी रोपवाटिकेच्या कामावर आले आणि डोंगरातच राहिले. पंधरा दिवसांनी घरी जायचे. पत्नी ललिताबाई जंगलाचं विचारायच्या तेव्हा “हाये” एवढंच उत्तर मिळायचं. घरीदेखील काही बोलायचं नाही, हा नियम आठ वर्षांपूर्वीचा. तेव्हा धारखोऱ्यात अशीच एक वाघीण होती. त्यांनी तिची नोंद केली. आठवडाभरात पंजाचा फोटो लोकांच्या मोबाइलवर फिरू लागला, महिन्याभरात जीपा घळीच्या तोंडाशी उभ्या राहू लागल्या. पोळ्यानंतर पंजे दिसायचे थांबले. ती गेली की मारली, कळलं नाही. नोंदीवर तीन सह्या होत्या. एक त्यांची. उरलेल्या दोघांपैकी कोण फुटलं हे ते आठ वर्षं ठरवत होते. दोघांची बदली झाल्यावर संशयाला माणसं कमी पडली, तेव्हा त्यांनी सोबतचा मजूर देवमन धरला. देवमनने नवा मोबाइल घेतला होता, एवढं पुरलं.

मागच्या जूनमध्ये ज्योत्स्ना इंगळे वनरक्षक म्हणून आली. बाळापूरची, वय सव्वीस. तिने चार महिन्यांचं रजिस्टर शांतपणे चाळलं आणि तिला खटकलं ते वाघ नसणं नव्हे. धारखोऱ्याच्या पट्ट्यावर साळिंदर नव्हतं, रानकोंबडी नव्हती, मुंगूसही नव्हतं. ज्या वाटेने मुंगूस जात नाही, ती वाट कुणीतरी झाडतंय.

तिचा तर्क साधा होता. डोहात विष टाकून मासे मारणारे आत येतात आणि किसनराव त्यांच्या खुणा मिटवतात. देवमनला विचारलं तर तो म्हणाला, आपण वरच्या नाक्यावर असतो, खालचं किसनराव जाणे. हे उत्तर तिला जरा जास्तच तयार वाटलं. दोघं मिळून असतील असं धरून तिने कुणालाच काही सांगितलं नाही. एका सकाळी ती नेहमीच्या वेळेआधी दीड तास घळीत उतरली.

किसनराव खराटा घेऊन उलट्या पावली मागे सरकत होते. अर्धा पट्टा साफ झाला होता. उरलेल्या अर्ध्यावर बशीएवढे चार पंजे होते.

ज्योत्स्नाने मोबाइल काढला.

“फोटो नका काढू, मॅडम,” किसनराव म्हणाले. “तुमची आंघोळ व्हाच्या आधी तो परतवाड्याले पोचते.”

तिने फोटो काढला. मग पिशवीतून, आदल्या दिवशीच टपालात आलेल्या एका प्रस्तावाची प्रत काढून त्यांच्यापुढे धरली. घळीवर लोखंडी पायऱ्या आणि धबधबा पाहायला सज्जा बांधायचा, असा तो प्रस्ताव. किसनराव सातवी शिकलेले. पुन्हा पुन्हा वाचून ते एका ओळीवर थांबले. ‘सदर क्षेत्रात गेल्या चौदा महिन्यांत वाघाच्या वावराची एकही नोंद नाही.’ खाली आधार म्हणून त्यांच्याच रजिस्टरची पानं जोडलेली होती.

“हे तुमीच टाइप केलं नसन कशावरून?” त्यांनी विचारलं.

“मले काय पडलं हाये? शिक्का पाहा.”

शिक्का त्यांनी उजेडात धरून पाहिला. मग खराटा झाडाला टेकवला. प्रस्तावावर निर्णय पुढच्या सोमवारी होता.

शनिवारी त्यांनी लेखी जबाब दिला. पंजे मी पुसले, कुणाच्या सांगण्यावरून नाही. वनक्षेत्रपाल साहेबांनी जबाब वाचून विचारलं, की चौदा महिने खोटं लिहिणारा माणूस आजच खरं लिहितो, हे कसं मानायचं? पायऱ्यांचं काम अडवायला कुणी पढवलं? ज्योत्स्नाने फोटो दाखवला. एका फोटोने काय होतं, तो दुसऱ्या जंगलातलाही असेल, असं उत्तर आलं. तिचीही चौकशी झाली.

निर्णय असा झाला. घळीत दोन महिने कॅमेरे लावायचे, तोवर प्रस्ताव थांबवायचा. वाघ दिसला नाही तर पायऱ्या होणार. किसनरावांना एक तारखेपासून कामावर घ्यायचं नाही. त्यांनी त्यावर तक्रार केली नाही. कॅमेऱ्यांना कुलूप कोण लावणार आणि किल्ली कुणाकडे राहणार, एवढंच विचारलं. किल्ली ज्योत्स्नाकडे, हे ऐकून त्यांना फार समाधान झाल्याचं दिसलं नाही.

विसाव्या दिवशी कॅमेऱ्यात वाघीण आली. मागे अर्ध्या वाढीचं पिल्लू होतं. ज्योत्स्नाने साहेबांना कळवलं. प्रस्ताव रद्द करून दप्तरी दाखल करत असल्याचं पत्र दोन दिवसांत निघालं. मग ती नेटवर्क मिळतं त्या टेकडीवर गेली आणि किसनरावांना फोन लावला. ते चांदूर बाजारच्या आठवडी बाजारात होते. पाठीमागे मिरचीवाल्याचा आवाज येत होता.

“किसनभाऊ, कॅमेऱ्यात...”

“थांबा. कुठून बोलून राहिल्या?”

“टेकडीवरून.”

“जवळ कोन हाये?”

“कोणी नाही. देवमन हाये, खाली गाडीपाशी.”

“मंग नका सांगू,” किसनराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.