राखीव गोलकीपर

दाभण माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे तो खोटारडा ठरणार आहे, आणि ऐकणाऱ्याने उगाच त्याच्यावर डोळे वटारू नयेत. त्याचं सोफे, खुर्च्या आणि गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान आहे. तोंडात बारीक खिळे धरून दिवसभर रेक्झिन ताणत बसतो, आणि गिऱ्हाईक आलं की खिळ्यांसकटच बोलतो. वीस वर्षं बसून चपटा झालेला सोफा त्याच्या हातून असा फुगून बाहेर येतो की मालकालाच त्यावर बसायचा संकोच वाटतो.

नाव मात्र त्याचं दुकानामुळे पडलेलं नाही, त्याच्या खूप आधीचं आहे. कॉलेजच्या हॉकी क्लबात असताना तो किटबॅगेत पोती शिवायचं एक जाड दाभण ठेवायचा. कुणाचा बूट उसवला, कुणाच्या स्टिकच्या मुठीची पट्टी सुटली, गोलकीपरच्या पॅडचा पट्टा तुटला, की लगेच हाक, "दाभणला बोलवा." चार वर्षं संघाचं सगळं काही त्याने शिवलं. खेळला मात्र नाही. म्हणजे, अगदीच नाही असं नाही. तो राखीव गोलकीपर होता. एकदा पहिल्या गोलकीपरच्या नाकातून रक्त आलं तेव्हा शेवटची अकरा मिनिटं त्याला मैदानात उभं केलं होतं. संघ आठ गोलांनी पुढे होता. त्या अकरा मिनिटांत चेंडू त्याच्या बाजूला फिरकलासुद्धा नाही.

हे घरी कसं सांगायचं? आईने पै-पै जोडून पॅड घेऊन दिले होते. म्हणून सराव संपला की हा पठ्ठ्या मैदानामागच्या डबक्यात जायचा, पॅड चिखलात चांगले घासायचा आणि मग घरी जायचा. आई ते पॅड बघून म्हणायची, किती खेळतोस रे, हाडं खिळखिळी होतील एक दिवस. आणि याच्या ताटात जास्तीचं वाढायची. यालाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. थोडक्यात, सवय जुनीच होती.

मोठं खोटं आलं ते पुढे, मुलगी सहा वर्षांची असताना. दवाखान्यात इंजेक्शनसाठी रांगेत बसले होते आणि पोरगी भोकाड पसरायच्या बेतात होती. दाभणला दुसरं काही सुचेना, म्हणून त्याने तिला कुलूपची गोष्ट सांगायला घेतली. कुलूप म्हणजे संघाचा पहिला गोलकीपर. त्याच्या अंगावरून चेंडू जायचा नाही, म्हणून कुलूप. अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला त्याने पेनल्टी स्ट्रोक अडवला होता, आणि कॉलेजात पहिल्यांदा मोठा करंडक आला होता. पण पोरीला कुलूप कोण ते काय माहीत? तिला आपल्या बाबांची गोष्ट हवी होती. दाभणने कुलूपला बाजूला सारलं आणि गोलात स्वतः उभा राहिला. पोरीने डोळे मोठ्ठे करून ऐकलं, आणि मुकाट्याने हात पुढे केला. डॉक्टरसुद्धा चाट पडले.

तिथेच थांबायला हवं होतं. पण तिने ती गोष्ट वर्गात सांगितली, मैत्रिणींना सांगितली, आणि रोज जेवताना पुन्हा ऐकायचा हट्ट धरला. दरवेळी गोष्टीला थोडा कापूस भरला जायचा, थोडं रेक्झिन ताणलं जायचं. बायकोला खरं माहीत होतं. लग्नाआधी त्याने तिला तीच गोष्ट कुलूपच्या नावासकट सांगितली होती. ती आमटी वाढता वाढता एवढंच म्हणायची, "अंगाशी येईल हं हे." दाभण ताटात मान घालायचा.

आणि मग पोरगी मोठी झाली, दुसऱ्या एका कॉलेजात गेली, आणि तिने हॉकीच्या संघात नाव दिलं. गोलकीपर म्हणून! ज्या दिवशी तिने हे सांगितलं, त्या दिवशी दाभण जेवलाच नाही. आपल्या थापेपायी पोरीने ताशी शंभरच्या वेगाने येणाऱ्या चेंडूपुढे उभं राहायचं ठरवलं होतं. खरं सांगून टाकावं, असं त्याला रोज वाटायचं, आणि रोज सकाळी कुणाचा तरी सोफा मध्ये यायचा. दर आठवड्याला तो तिचे पॅड दुकानात नेऊन तपासायचा. शिवायला काही नसायचंच. पट्टे नव्यासारखे, पॅड लख्ख. पोरगी वस्तू जपते बघ, असं तो बायकोला कौतुकाने सांगायचा. सामना बघायला यायचं म्हटलं की मात्र ती नाही म्हणायची. तुम्ही आलात की मला टेन्शन येतं, म्हणायची. यालाही ते पटायचं. एवढ्या मोठ्या गोलकीपरपुढे कुणालाही येईलच की टेन्शन!

असं सगळं सुरळीत चाललं असताना जुन्या संघाच्या कप्तानाचा फोन आला. कप्तान आता दातांचा डॉक्टर आहे, त्यामुळे समोरच्याला बोलू न देण्याची त्याची सवय आणखी पक्की झाली आहे. क्लबाची जुनी खोली रंगवून झाली होती, रविवारी सकाळी सगळ्यांनी जमायचं होतं, आणि सहकुटुंब यायचं होतं. दाभण काहीतरी सबब सांगणार, तेवढ्यात फोन पोरीने घेतला आणि आम्ही नक्की येतो म्हणून सांगून टाकलं. दाभणच्या तोंडचं पाणी पळालं.

शनिवारी संध्याकाळी त्याने कुलूपला फोन लावला. म्हणायचं होतं की उद्या त्या स्ट्रोकचा विषय काढू नकोस लेका, माझी इज्जत तुझ्या हातात आहे. पण कुलूप इतका खूष झाला, की वीस मिनिटं दोघं गुडघेदुखीवरच बोलत बसले. आपल्या मित्राची आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आपण वापरली, आणि आता ती त्याला सांगूही देत नाही आहोत, हे तोंडातून निघेना. लाज वाटली त्याला. तेल कुठलं लावतोस एवढं विचारून त्याने फोन ठेवला.

आता त्या खोलीतला नियम सांगायला हवा, कारण सगळं पुढचं त्यावर आहे. या क्लबात आपली गोष्ट आपण सांगायची नाही. ज्याची आठवण निघेल त्याने भिंतीलगतच्या बाकावर बसायचं आणि पंचाची शिट्टी दातात धरायची. दुसरे सांगतील ते निमूट ऐकायचं. सांगणारा चुकला तर शिट्टी वाजवून हरकत घेता येते, पण शिट्टी वाजली की सगळ्यांना चहा द्यायचं काम त्याच्याच गळ्यात. हसू फुटून वाजली तरीही तेच. त्यामुळे क्लबात बढाया कमी आणि चहा भरपूर.

खोलीला रंगाचा वास होता. पत्र्याचं कपाट, कोपऱ्यात झिजलेल्या स्टिका, आणि केस गेलेली, पोटं सुटलेली पंधरा-वीस माणसं एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालत होती. बायको आणि मुलगी दुसऱ्या रांगेत बसल्या. पहिला बाकावर बसला भिंगरी. एके काळी त्याच्या पायात भिंगऱ्या फिरायच्या, आता बँकेत साहेब आहे आणि बाकाने त्याला बसवून घेताना आवाज केला. कप्तानाने त्याची आठवण काढली. भिंगरीला लांबचं दिसायचं नाही, आणि चष्मा लावून खेळायची त्याला लाज वाटायची. एका सामन्यात चेंडू घेऊन तो अर्धं मैदान पळाला आणि समोरच्या बचावपटूलाच त्याने मनापासून विचारलं, की गोल कुठे आहे हो? तो बिचारा दाखवायला मागे वळला, आणि भिंगरी शेजारून निघून गेला. पुढे दोन वर्षं त्याने चष्मा केला नाही. शिट्टी जोरात वाजली, पोट धरून हसत भिंगरीने सगळ्यांना चहा दिला.

"आता कुलूप," कप्तान म्हणाला.

कुलूप उठून बाकावर बसला. उंच, शांत माणूस, शाळेत भूगोल शिकवतो. त्याने शिट्टी पुसून दातात धरली. मागून कुणीतरी म्हणालं, तो पेनल्टी स्ट्रोक सांगा. मुलीने वळून बाबांकडे बघितलं. तिचा चेहरा फुलला होता, आणि त्याच वेळी कपाळाला एक आठी पडली होती. स्ट्रोक बाबांचा, मग बाकावर हे काका कसे? ती आठी दाभणला दिसली. दुसऱ्या कुणी सांगितलेलं तिने ऐकावं, हे त्याला सहन होण्यासारखं नव्हतं. तो उठून उभा राहिला.

"मी सांगतो," तो म्हणाला.

आणि त्याने सांगितली. तेरा वर्षं जेवणाच्या ताटावर घोटून तयार झालेली गोष्ट होती ती. दोन-एकची आघाडी, शेवटचं मिनिट. समोर स्ट्रोक घ्यायला आलेला तो ताडमाड खेळाडू, ज्याने सरावात गोलामागची फळी फोडली होती. गोलाच्या दोन्ही खांबांवर स्टिकने दोनदा ठोकायची सवय. त्या खेळाडूने तळहात चड्डीला पुसले, एकदा, मग पुन्हा. मुलीचे ओठ गोष्टीबरोबर हलत होते, तिला प्रत्येक शब्द पाठ होता. मग दाभण म्हणाला, "कुलूप जरासुद्धा हलला नाही," आणि तिचे ओठ थांबले.

दाभण मात्र थांबला नाही. चेंडू डावीकडे, जमिनीलगत आला. कुलूपने डावा पाय टाकला. भरलेल्या गादीवर काठी मारावी तसा आवाज झाला, आणि चेंडू रेषेच्या वीतभर अलीकडे गरगरत राहिला. खोलीत कुणी चहाचा कप खाली ठेवेना. तिथे असलेल्यांनीही तो स्ट्रोक इतका नीट पाहिला नव्हता.

"माझ्या पोरीला मी ही गोष्ट आजवर माझी म्हणून सांगितली," तो म्हणाला. "ती कुलूपची आहे. मी गोलाच्या मागे पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा होतो."

बसायला खुर्ची कुठे आहे तेच त्याला कळेना. आणि तेवढ्यात शिट्टी वाजली, लांबलचक. सगळे दचकले. कुलूपची शिट्टी आजवर कधीच वाजली नव्हती.

कुलूपने ती दातातून काढली. म्हणाला, गोष्ट अर्धवट सांगितली, माझी हरकत आहे. मध्यंतरात त्याच्या डाव्या पॅडचा पट्टा मुळापासून तुटला होता. काढून शिवायला वेळ नव्हता, म्हणून दाभणने पॅड पायावर असतानाच शिवला. तीनदा दाभण पोटरीत घुसलं. बारा टाके होते, कुलूपने मोजले होते, कारण प्रत्येक टाक्याला त्याचा जीव वर-खाली होत होता. चेंडू बसला तो त्याच पॅडवर. एवढं बोलून तो उठला आणि चहाचा ट्रे घ्यायला गेला. पहिला कप त्याने दाभणच्या हातात दिला.

मान वर केली तर मुलीची खुर्ची रिकामी. बायकोने डोळ्यानेच दाराकडे दाखवलं.

ती मैदानाच्या टोकाला गोलाच्या मागे जाऊन उभी होती, जाळीत बोटं अडकवून. दाभण तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. चिडली असेल तर चिडू दे, पण काहीतरी बोलू दे, असं त्याला झालं होतं.

"इथेच होतात का तुम्ही?" तिने विचारलं.

"थोडं डावीकडे."

"म्हणून एवढं नीट दिसलं." मग, "एकूण किती खेळलात?"

"अकरा मिनिटं."

"त्या सामन्यात?"

"चार वर्षांत. चेंडू एकदाही आला नाही."

तिने तोंडावर हात धरला. हसतेय की रडतेय ते त्याला कळेना, आणि ते तिलाही कळत नसावं.

"बाबा," ती म्हणाली, "माझी चार मिनिटं झालीत. दोन वर्षांत."

दोन वर्षं दर आठवड्याला ते पॅड त्याच्या हातात आले होते. लख्ख पॅड, नवेकोरे पट्टे. साऱ्या जगाला कळलं नसतं तर ठीक होतं, पण असे पॅड बाकावरच्या गोलकीपरचे असतात हे त्याला तरी कळायला हवं होतं! तुमची मुलगी आणि बाकावर, हे सांगायला तोंड नव्हतं, असं ती म्हणाली. म्हणून सामन्याला येऊ देत नव्हती. दाभणला स्वतःचाच इतका राग आला की त्याने जाळीला एक लाथ घातली, आणि मग गुडघा धरून खाली बसला.

"अगं, ते चिखलात घासायचे असतात," तो म्हणाला. "मी आजीला चार वर्षं फसवलं."

"मला का नाही सुचलं?" ती म्हणाली, आणि आता मात्र ती हसत होती, हे अगदी स्पष्ट होतं.

पुढच्या रविवारी दुकान बंद ठेवून तो तिच्या सामन्याला गेला. राखीव खेळाडूंच्या बाकामागे उभा राहिला, खिशात दाभण आणि मेणाचा दोरा घेऊन. मध्यंतरात पहिल्या गोलकीपरच्या पॅडचा पट्टा सैल झाला तेव्हा त्याने तो मुलीला शिवायला दिला, आणि टाका कसा घट्ट ओढायचा तेवढं दाखवलं. चेंडू तिच्या वाट्याला आला नाही. सामना संपल्यावर या मैदानामागेही असलेलं डबकं दोघांनीही पाहिलं, पण तिकडे कुणी वळलं नाही. तिचे पॅड खांद्यावर टाकून, तसेच स्वच्छ, दोघं घरी आले.