बाबांच्या लायटरची अट

पेट्रोलचा वास साबणानं जात नाही. तो नखांच्या कडांत, बोटांच्या रेषांत दबा धरून राहतो आणि घास तोंडाशी नेताना पुन्हा सापडतो. मार्गशीर्षातल्या त्या दोन दिवसांत माझ्या हातांना हाच वास होता. मळणी उरकलेल्या धानाच्या बांध्यांकडून ओलसर तणसाचा गोडसर दरवळ येत होता, अंगणात कोवळं ऊन उतरलं होतं, आणि मी सुपात फडकं पसरून त्यावर बाबांचा पितळी लायटर उघडून बसले होते, एखाद्याशी भांडायला बसावं तशी.

आत खिडकीपाशी बाबांची खाट होती. उशाशी ऑक्सिजनचं यंत्र अखंड घुरघुरत होतं आणि त्याची पारदर्शक नळी बाबांच्या नाकाशी होती. पन्नास वर्षांच्या विड्यांनी नि पेट्रोलच्या वाफांनी त्यांची फुप्फुसं झिजली होती. गोंदियाच्या डॉक्टरांनी आठवडाभरात नागपूरला हलवायला सांगितलं होतं, आणि बाबा म्हणत होते, मी इथून हलणार नाही. मी रडले, रागावले, जेवण टाकलं, शेवटी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. तेव्हा त्यांनी उशीखालून हा लायटर काढून माझ्या हातात दिला. वर्षभरापासून तो बंद पडला होता.

"हे चालू करून दाखव," ते धापा टाकत म्हणाले, "मंग येतो नागपूरले."

कोहमाऱ्याच्या चौफुलीवर बाबांची दुरुस्तीची टपरी होती. रायपूरकडे जाणारे ट्रक ढाब्यांपुढे थांबत आणि ड्रायव्हर जेवून येईपर्यंत बाबा त्यांचे लायटर, टॉर्च, ट्रान्झिस्टर ठीक करून ठेवत. मी त्या टपरीतच बाराखडी गिरवली, पण पेचकस कधी हाती धरला नाही. मी शाळेत मराठी शिकवते. मला समास सोडवता येतो, स्क्रू नाही. तरीही बुडत्याला काडीचा आधार, तशी ती अट मी दोन्ही हातांनी धरली.

टपरी मोडली तेव्हा तिच्यातला एक बिस्किटांचा डबा घरी आला होता. त्यात मेलेल्या लायटरांचे सुटे भाग होते. खिडकीतून बाबा एकेक शब्द सांगत, मी अंगणात करत असे. बुडाचा स्क्रू सुटला तशी आतली स्प्रिंग उडाली आणि तुळशीमागे जाऊन पडली. ती शोधताना मी मातीत रांगत चक्क हुंदके देत होते. ठिणगी देणाऱ्या इवल्या खड्याला आमच्याकडे सगळे पत्थर म्हणतात. जुना पत्थर नळीतच फुगून त्याचा भुगा घट्ट बसला होता. तो पेट्रोलनं भिजवून दाभणानं टोकरण्यात आणि डब्यातला दुसरा बसवण्यात एक सकाळ गेली. पेट्रोल धरून ठेवणारा कापूस कडक, काळा झाला होता. त्यासाठी बाबांनी स्वतःच्या डोक्याखालची उशी उसवायला लावली, कारण तिच्यात घरच्या सावरीचा कापूस होता आणि आगपेटी दुर्मीळ होती तेव्हा त्यांचे आजोबा चकमकीची ठिणगी याच कापसावर झेलत असत. मग नवी वात ओवली. चाकीचे दात झिजून गुळगुळीत झाले होते, तेव्हा तिचा रिव्हेट खिळ्यानं ठोकून काढला आणि डब्यातली दुसरी चाकी बसवली. या साऱ्यात माझ्या अंगठ्याचं सालपट निघालं.

आणि तिथंच कधीतरी मला त्या डब्याचा संताप आला. वात जळली, बदला; चाकी झिजली, बदला; आणि ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या वस्तूंत असा जीव घातला, त्याच्या छातीत घालायला जगात कुणाकडेच काही शिल्लक नसावं! मी पेचकस भिंतीवर भिरकावला. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "पेचकस वाकला असन तं पाहून घे."

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना कोरडी ठिणगी पडली. एकदा, दोनदा, दहादा. मी कापसात पेट्रोल भरलं, सांडलेलं पुसलं, हात धुतले आणि रिकाम्या हातांनी खिडकीशी धावले. "झाला बाबा! सकाळी गाडी बोलावते."

"पेटवला?"

"छे, मी कशी पेटवणार..." म्हणता म्हणता मी थांबले.

बाबांच्या धंद्याचा एक नियम होता. दुरुस्त करणाऱ्यानं फक्त ठिणगी पाहायची. पहिली ज्योत ज्याची वस्तू त्यानंच काढायची. ड्रायव्हर ढाब्यावरून यायचा, लायटर पेटवायचा, मान हलवायचा, आणि ती मान हलली की काम पुरं झालं असं बाबा मानत. त्याआधी नाही. आणि या लायटरचा मालक तर नाकाला ऑक्सिजन लावून पडला होता. त्याच्याजवळ ठिणगी न्यायची सोय नव्हती, आणि नळी काढली तर चार श्वासांत त्याचे ओठ निळे पडत होते. ही अट पुरी होणारच नव्हती. टपरीत वाढलेली मी ते विसरले होते, बाबा विसरले नव्हते.

"तुमाले आधीच माहीत होतं!" मी ओरडले. "काऊन मले राबवलं मंग दोन दिवस?"

ते बराच वेळ श्वास गोळा करत राहिले. "लायटर आता तुहं होय," ते म्हणाले. "तू मालकीण. जा, विहिरीपाशी जाऊन पेटव."

"अन् नागपूर?"

"पेटव तं खरी."

विहीर अंगणाच्या पार टोकाला आहे. तिथं उभी राहून मी सोललेला अंगठा चाकीवर ओढला आणि पहिल्याच झटक्यात ज्योत उभी राहिली, बुडाशी निळी, वर पिवळी. मी वळले. खिडकीत बाबा कोपरावर उठून बसले होते. ते ज्योतीकडे पाहत नव्हते, माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते, जसे ते त्या ड्रायव्हरांकडे पाहत असत. तेव्हा मला कळलं, की लायटरच्या बदल्यात नागपूर त्यांनी मनापासून कधी कबूल केलंच नव्हतं. आपलं आयुष्याचं काम पुरं झालं, एवढं कुणीतरी आपल्याला सांगावं म्हणून ते वाट पाहत होते, आणि ते सांगणारं माझ्याखेरीज दुसरं कुणी उरलं नव्हतं.

मला मान हलवायची नव्हती; ती हलली की बाबा जायला मोकळे होणार होते. पेट्रोलच्या लायटरची ज्योत अंगठा उचलला तरी विझत नाही. ती जळत राहिली, पितळ तापत गेलं, आणि बाबा त्या कोपरावर थरथरत तसेच थांबले. चटका सोसवेना तेव्हा मी झाकण मिटलं आणि मान हलवली. ते हळूच उशीवर टेकले.

नागपूरची गाडी मी बोलावली नाही. ती मान मी त्यांच्यासाठी हलवली, की माझी बोटं भाजत होती म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.