बापाच्या खांद्यावरचा कौल

माझ्या बापाला लोक आधी दारुडा म्हणाले आणि मग देव म्हणाले. दोन्ही वेळा म्हणणारी तोंडं तीच होती. आजही ती तोंडं आठवली की मला शिसारी येते.

आम्ही पनवेलच्या खाडीकाठचे, मिठागरावर राबणारे. बाप लाकडी फळीनं मीठ ओढायचा, आणि हात असा हलका की खालचा चिखल कधी मिठात आला नाही. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत त्याचे हात आपल्या मनानं हलू लागले. आधी बोटं, मग खांदे, मग मान. बांधावरून चालताना पाय भलतीकडेच पडायचा आणि बांध फुटायचा. एक दिवस मुकादमानं सगळ्यांदेखत त्याचं तोंड हुंगलं. ताडीचा वास आला नाही, तरी घरी धाडलं. बाप थेंबभरही पीत नव्हता. त्या दिवशी घरी येऊन त्यानं आईला पहिल्यांदा मारलं. ते मारणंही रोगातलंच होतं हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी त्याचा मनसोक्त द्वेष करून घेतला होता.

मग आत्या राहायला आली. तिनं बापाला तासभर न्याहाळलं आणि निकाल दिला, "माझ्या भावाला दारू नाय लागली. त्याच्या अंगान देव हाय. आमचा बापूस पन असाच नाचत गेला."

आमच्याकडे गावदेवाला कौल लावतात. ओल्या दगडाच्या दोन्ही अंगांना फुलाची एकेक पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. दगडाला घाई नसते, माणसं ताटकळत बसतात. माझा बाप मात्र क्षणभरही स्थिर नसायचा. आत्यानं त्याला पाटावर बसवलं, उघडे खांदे पाण्यानं ओले केले आणि दोन्हीकडे झेंडूची एकेक पाकळी लावली. झालं! महिन्याभरात दारात नारळांची रास लागली. म्हैस गाभण राहील का, हरवलेली नथ सापडेल का, सगळ्यांना उत्तर हवं होतं आणि ते इथं चटकन मिळत होतं.

बापाची लाळ गळायची. कपाळाचं कुंकू तीत कालवलं जाऊन छातीवर ओघळायचं, आणि माणसं तो ओघळ बोटावर घेऊन स्वतःच्या कपाळाला लावायची. मुकादमही आला. ज्याचं तोंड हुंगलं होतं त्याच्याच पायावर त्यानं डोकं ठेवलं. बापाला धड गिळता येत नसे. कुणी प्रसादाचं खोबरं तोंडात कोंबलं की तो ठसकायचा, काळानिळा पडायचा, आणि लोक म्हणायचे, देव रागावला. करवंट्यांवर माश्या बसलेल्या असायच्या. आई एका शब्दानं कुणाला अडवत नव्हती. दारुड्याच्या बायकोला विहिरीवर कुणी जागा देत नव्हतं, देवाच्या बायकोला देत होतं.

मी तेव्हा पनवेलच्या शाळेत नुकताच मास्तर झालो होतो. बापाला मोटारीत घालून मी मुंबईच्या एका इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी त्याला जीभ बाहेर काढून तशीच धरायला सांगितली. ती ठरेना. मग त्यांनी मला विचारलं, "यांच्या वडिलांनाही असंच होतं का?" मी आत्या म्हणाली ते सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मेंदू झिजत जातो, औषध नाही, आणि हे बापाकडून पोरांत उतरतं, असं त्यांनी मला शांतपणे समजावलं.

"तुम्ही भावंडं किती?"

"दोघं. मी आणि धाकटी बहीण."

"प्रत्येकाच्या बाबतीत नाणं उडवल्यासारखं आहे. तिशी-चाळिशीपर्यंत कळणारही नाही. लग्नाचा विचार नीट करा."

मी नीट केला. आपण लग्न करायचं नाही, हे मोटार पनवेलला पोचायच्या आत ठरवून टाकलं. घरी फक्त एवढंच सांगितलं की औषध नाही.

शिमगा झाल्यावर बहिणीला ओवे गावचं स्थळ आलं. मुलाचा बाप म्हणाला, "देवाच्या घरची पोर हाय. आमी देवालाच इचारू." बापाला पाटावर बसवलं. माझ्या जिभेवर एकच वाक्य होतं: हा देव नाही, रोग आहे, आणि तो हिच्यातही असू शकतो. बोललो असतो तर तिचं लग्न मोडलं असतं, म्हणून गप्प बसलो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. रोगाचं घर म्हटलं की त्या घरात मीही आलो. शाळेत मुलांचे बाप माझ्या हातांकडे बघत बसले असते, आणि ते मला नको होतं.

बापाचा खांदा उसळला. डावी पाकळी पडली.

आत्या म्हणाली, "नीट चिकटली नवती. मास्तर, तू लाव." मी वाकलो, पाकळी उचलली, पाण्यात बुडवली आणि बापाच्या खांद्यावर अंगठ्यानं दाबून बसवली. मग उजवी पडली. बहीण दाराआडून माझ्याकडे बघून हसली. माझ्या अंगठ्याला बापाची लाळ आणि कुंकू लागलं होतं, ते मी धोतराला पुसलं.

पुढे बाप गेला, आत्या गेली. माझे हात अजून स्थिर आहेत. पंधरा-सोळा वर्षांनी बहीण पनवेलला माझ्या खोलीवर आली. चहाची बशी तिच्या हातात वाजत होती. तिनं ती खाली ठेवली आणि तो हात मांडीखाली दाबून धरला.

"दादा, घरची म्हनतात मी पिते."

मग मी तिला सगळं सांगितलं. बापाची जीभ, नाणं, सगळं.

"डाक्टरनी कधी सांगितलं? माझ्या लग्नाच्या आधी?"

"आधी."

तिनं माझ्या खोलीभर नजर फिरवली. एक खाट, एक ताट, एक तांब्या. मग दारात खेळणाऱ्या आपल्या तिन्ही पोरांकडे पाहिलं.

"म्हनून तू लगीन नाय केलंस," ती म्हणाली.