दादांचा सुती टी-शर्ट

टी-शर्ट छापायच्या दोन पद्धती आहेत आणि मी हा धंदा काढल्यावर दोन्हींबद्दल आमच्या सावेडीच्या सोसायटीत मला सोडून सगळ्यांना सगळं माहीत होतं. सब्लिमेशनचा रंग धाग्यात मुरतो, कितीही धुवा, हलत नाही. पण त्याला कापड पॉलिस्टरचं लागतं. सुती कापडाला ट्रान्सफर पेपर: साध्या इंकजेट प्रिंटरवर चित्र छापायचं आणि गरम प्रेसने कापडावर चिकटवायचं. त्याचा पातळ पापुद्रा बसतो. त्यावर नुसती इस्त्री फिरली की खेळ खलास.

माहेरच्या गावी यात्रेला कुस्त्यांचा हगामा असतो. यंदा कमिटीने टी-शर्टवर गावच्या जुन्या पैलवानाचा फोटो घ्यायचं ठरवलं. ते पैलवान म्हणजे दादा, माझे वडील. म्हातारपणी का होईना, गावाला त्यांची आठवण झाली, हेही नसे थोडके. दादा तर आठवडाभर आधीपासूनच मिशीला तेल लावत होते.

मी सब्लिमेशन सुचवलं.

"ताई, चैताच्या उन्हात पालिस्टर? पोरं उकडून मरतील की!" अध्यक्ष म्हणाले.

पोरं दिवसभर मंडपात खुर्च्या अडवून बसणार होती. पण त्यांच्या नाजूक तब्येतीपुढे माझं काय चालणार? सुती ठरलं. 'उलटा करून इस्त्री करा' अशी चिठ्ठी मी प्रत्येक घडीत घातली. फक्त दादांच्या घडीत नाही. कडक इस्त्रीशिवाय जो माणूस कधी मैदानात गेला नाही, त्याला लेकीने इस्त्री शिकवायची? एवढी हुशार मी.

हगाम्याला पोरं चुरगळलेल्या टी-शर्टांत आली. इस्त्री कुणी केलीच नव्हती, त्यामुळे प्रत्येकाच्या छातीवर दादा ठणठणीत होते. खरे दादा मात्र भर दुपारी टी-शर्टवर जाड सदरा चढवून, गळ्यापर्यंत गुंड्या लावून आले. घामाने निथळत होते.

"दादा, काढा की सदरा. दिसू द्या सगळ्यांना."

"नगं. गार वारं हाय जरा."

सत्काराचा हार घालताना वरच्या दोन गुंड्या सुटल्या. आत अर्धी मिशी उरली होती, बाकी नुसता चिकट, करपलेला डाग. दादांनी झटकन त्यावर हात ठेवला आणि आधी माझ्याकडे पाहिलं, चोरी पकडल्यासारखं.

"व्हय दादा," मी म्हणाले, "लई गार सुटलंय," आणि त्या रणरणत्या उन्हात पदर अंगाभोवती घट्ट लपेटून घेतला.