आधी मोडलं तिथं बघ

खाडीचा बांध फुटला आणि आमच्या शेतात भात पिकायचं थांबलं. भरतीचं पाणी आत आलं, बांध पुन्हा कुणी घातला नाही, बघता बघता खारफुटी उभी राहिली. आजोबांनी जिथे भात लावला, तिथेच बाबा चिखलात खांद्यापर्यंत हात घालून चिंबोऱ्या, खाडीचे मोठे खेकडे, काढायचा आणि अलिबागच्या बाजूला मुंबईवाल्यांच्या बंगल्यांवर नेऊन विकायचा. बंगले रिकामे असले की त्या परत यायच्या आणि आम्हीच खायचो. लोक चिंबोऱ्यांसाठी लांबून येतात, मला अजून त्या घशाखाली उतरत नाहीत. माझ्या दप्तरालाही तो वास असायचा. शाळेत बाकावर माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची.

सायकल एका बंगलेवाल्यानेच दिलेली. जुनी, लोखंडी, रेसची. पाइप बारीक, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. बाबाने ते हँडल उलटं करून शिंगं वर केली, मागे टोपली बांधली आणि खाडीच्या वाटेवर घातली. उधाणाच्या भरतीला त्या वाटेवर पायडल बुडेल एवढं पाणी असतं. बाबा सायकल हाताने ढकलत त्यातून न्यायचा.

एका हळदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाटेवरच्या मोरीच्या, म्हणजे छोट्या पुलाच्या, उतारावर पडला. सायकलच्या खालच्या पाइपाचे दोन तुकडे झाले आणि बाबाचं खुब्याचं हाड मोडलं. आमच्याकडे हळद म्हणजे रात्रभर नाच आणि दारू, हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे गावाने निकाल लगेच दिला.

बाबा एकच सांगायचा, "रात्री घेतली होती. सकाळी न्हाय. सायकल आधी मोडली, मग मी पडलो."

त्याचा चुलतभाऊ, माझा काका, हसायचा. "सायकलीचं हँडल वाकडं, चालवणाराचे पाय वाकडे. मोरी बिचारी सरळच हाय."

आईला हसू यायचं नाही. बाबा खाटेवर पडल्यापासून त्याच बंगल्यांची संडासं ती धूत होती. "सायकलीला कशाला दोष देता? बाटलीला द्या," ती म्हणायची, आणि बाबा भिंतीकडे तोंड करायचा. माझं सगळं कॉलेज हे ऐकत झालं. मी बी.कॉम. झाले. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, आणि हे मी कुणासमोरही मान वर करून सांगते. पण पेढे वाटायला गेले तेव्हाही मागून ऐकू आलं, "दारुड्याची पोर शिकली हो."

मला अलिबागला नोकरी लागल्यावर आईने सायकल भंगारात काढायचं ठरवलं. ती पडवीत आढ्याला उलटी टांगलेली होती. मी म्हटलं, राहू दे, मी चालती करते.

बाबा काठी टेकत बाहेर आला. "कर. पण आधी मोडलं तिथं बघ. इतकी वर्षं सांगतोय, कुणी बघतच न्हाय."

सुट्टीच्या दिवशी अंगणात पोतं अंथरून मी सायकल खोलायला घेतली. खाऱ्या हवेने एकेक नट धरलेला. रॉकेल सोडायचं, थांबायचं, पुन्हा पाना लावायचा. काका येता-जाता विचारायचा, "काय गं, बँकवाले पंक्चर काढायला ठेवतात काय आता?" मी बँकेत नव्हतेही.

चाकं सुटली, चेन सुटली, शेवटी पायडलचा एक्सल निघाला. आत बेअरिंगचे छर्रे उरलेच नव्हते, गंजाचा तपकिरी चिखल होता. मोडलेल्या पाइपात मी मोबाइलचा उजेड टाकला. खालच्या टोकाला पत्रा पापडासारखा पातळ झालेला, अंगठ्याने दाबला तर तुटला. त्याच्या वर धातू चांगला होता. दोन्हींच्या मधे एक रेघ होती. पाइप तिरका, पण सायकल उभी धरली की रेघ जमिनीला समांतर यायची. पाणी साचलेलं होतं, आणि सायकल वापरात असतानाच साचलेलं होतं. टांगल्यावर आलेला हा गंज नव्हता.

बाबा खरं बोलत होता. मी त्याला हाक मारणार होते, तेवढ्यात फ्रेम उलटी केली आणि एक्सलच्या खाली पाणी बाहेर जायला भोक असतं ते दिसलं. भोकात डांबर आणि कापसाचा बोळा ठासून बसवलेला होता. होडीच्या फटीत बसवतात तसा.

दोघांना बोलावून मी दाखवलं. आईने पाइपाच्या कडेला बोट लावलं आणि खाली बसली. बाबा बोळ्याकडे बघत राहिला.

"तो मीच मारला," तो म्हणाला. "भरतीचं पाणी आत जाऊ नये म्हणून."

"पण ते एक्सलच्या फटीतून जातच होतं, बाबा. बाहेर यायला वाट राहिली नाही."

"कळलं." त्याने बोळ्यावर अंगठा ठेवला. "गावात सांगू नको."

"अरे, पण तू पिला नव्हतास हे यातूनच कळतं ना!"

"दारुड्या म्हणतात, म्हणू दे. दारू सगळेच पितात. जन्म पाण्यात काढून पाण्याला वाट ठेवायची अक्कल न्हाय, हे मला ऐकायचं न्हाय."

त्या दिवसापासून तो पडण्याबद्दल बोलेनासा झाला. आधी निदान चिडायचा तरी. आईचे टोमणेही थांबले, आणि घरात जी शांतता आली ती मला टोमण्यांपेक्षा जड गेली. मी सायकलीचं काम चालू ठेवलं. अलिबागच्या वेल्डिंगवाल्याने सडलेला भाग कापून नवा पाइप पितळेने जोडला. मी गंज घासला, रंग दिला, तारा आवळून चाकं सरळ केली. बाबाने ती पुरी झालेली एकदाच पाहिली. "बरी झाली," म्हणाला आणि आत गेला. त्या थंडीत तो वारला.

दहाव्याला खाडीवरून परत आल्यावर अंगणात माणसं बसली होती. काका म्हणाला, "माणूस कष्टाळू. पिऊन पडला नसता तर अजून दहा वर्षं जगला असता."

आई भिंतीला टेकून बसली होती. ती उठली.

"भावजी, ते पिले नव्हते. सायकल मोडली म्हणून पडले. पाइप आतून सडला होता, मी हात लावून बघितलाय."

"कसा काय सडला?"

"खाऱ्या पाण्याने. दुसरं कशाने सडतं इथं?"

ती पुढे काही बोलली नाही, कुणी विचारलंही नाही. बोळ्याचं मी इथेच पहिल्यांदा लिहिते आहे. बाबाला त्याची लाज वाटली, मला वाटत नाही.

सायकल चालते. मी तिच्यावरून कामाला जाते. आणि माझा बाप त्या सकाळी शुद्धीत होता, हे गावासमोर एकदा मोठ्याने बोललं गेलं.